फॉरमॅट मारण्यापूर्वीं

संगणक मंद चालूं लागला, वारंवार बंद पडूं लागला, किंवा कोठून तरी आलेल्या व्हायरसनें त्याला ग्रासलें, कीं घरांतील जाणता मुलगा एक वाक्य हमखास उच्चारतो : "आतां फॉरमॅट मारायला हवा." हें वाक्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रांतील घराघरांतून इतकें रुळलें आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें भान कोणास राहिलेलें नाहीं. मराठींतील 'मारणें' हें क्रियापद मोठें गमतीचें आहे. हांक मारतात, फेरी मारतात, गप्पा मारतात, बढाईहि मारतात. आणि त्यांतल्या कशानेंहि कोणी मरत नाहीं. फॉरमॅट मारण्यानें मात्र कांहीं तरी खरोखरच मरूं शकतें. तें काय, आणि तें मरूं नये म्हणून आधीं काय करावें, याचा विचार घरीं जुना संगणक बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें एकदां तरी शांतपणें केला पाहिजे.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा नांवाचें गांव आहे. सभोंवार काळी जमीन आणि कापसाचें पीक. पुलगांवाहून आर्वीकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी पूर्वीं या गांवावरून जात असे. या गांवांतील एक घर श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. घर कल्पनेंतलें असलें तरी तेथें घडणारी गोष्ट खोटी नाहीं. थोड्याफार फरकानें ती असंख्य घरांत घडलेली आहे.

या घरच्या गृहस्थांनीं २००५ सालीं मुलीच्या शिक्षणासाठीं एक संगणक विकत घेतला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था २००१ मध्यें स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानें त्या काळांत खेडोपाडीं संगणकाची अक्षरओळख पोहोंचविली होती. मुलगी तो अभ्यासक्रम पुरा करून आली होती. संगणकांत ८० जीबींची हार्ड डिस्क होती आणि तो विंडोज एक्स्पी या प्रणालीवर चाले. पुढें त्यांत कापसाचे हिशेब सांठले, लग्नाचीं छायाचित्रें सांठलीं. आणि आणखी एक गोष्ट सांठली. घरांतल्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत असत. नातीनें दोन उन्हाळ्यांच्या सुटींत आजीजवळ बसून त्या ऐकल्या आणि संगणकांत लिहून ठेवल्या. नंतर आजी गेली. नात लग्न होऊन सासरीं गेली. संगणक कोपऱ्यांत राहिला.

दिवाळींत नागपुराहून भाचा आला. त्यानें तो संगणक सुरू केला. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत चहा पिऊन झाला. भाचा हंसून म्हणाला, "मामा, याला फॉरमॅट मारूं. पुन्हां नव्यासारखा पळेल."

मामा म्हणाले, "मार बापा. पण त्यांतलं काय जाईल?"

"कांहीं नाहीं जात. सी ड्राइव्ह तेवढा पुसायचा. तुमचं सगळं डी मध्यें आहे ना?"

मामा गप्प राहिले. कारण आपलें सगळें कोठें आहे हें त्यांना ठाऊकच नव्हतें. गोष्ट येथें क्षणभर थांबवून, सी म्हणजे काय, डी म्हणजे काय आणि पुसणें म्हणजे काय, हें पाहणें इष्ट आहे.

हार्ड डिस्क म्हणजे एका बंद पेटींत वेगानें फिरणाऱ्या चुंबकीय तबकड्या. पहिली अशी यंत्रणा आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवडंबरानंतर त्यांत मावत होतीं केवळ ५० लक्ष अक्षरें. आजची पेटी तळहातावर राहते आणि सामान्यतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. जुन्या तबकड्यांवर ५१२ अक्षरें मावतील असे लहान लहान वाफे पाडलेले असत. हे वाफे कारखान्यांतच पाडले जातात. घरीं बसून ते नव्यानें पाडतां येत नाहींत. ८० जीबींची पेटी संगणकांत ७४.५ जीबींचीच दिसते, आणि दुकानदारानें फसविलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः कारखानदार जीबी मोजतो तो १०० कोटींचा, आणि विंडोज मोजते ती १०७ कोटींहून अधिकांचा. माप दोन, माल एकच.

आतां ही तबकडी म्हणजे एक मोठें शेत समजावें. त्यांत बांध घालून केलेले तुकडे म्हणजे पार्टिशन. सी, डी, ई हीं या तुकड्यांचीं नांवें. शेत एकच असतें, बांध मात्र कागदावर घातलेले असतात. कोणत्या वाफ्यांत काय आहे, हें सांगणारी एक नोंदवही प्रत्येक तुकड्यांत ठेवलेली असते. तलाठ्याच्या दप्तरांत सात-बारा असावा तशीच ही नोंद. संगणक एखादी फाइल शोधतो तेव्हां तो शेतांत हिंडत नाहीं. तो आधीं दप्तर पाहतो आणि मग नेमक्या वाफ्यापाशीं जातो.

फॉरमॅट मारणें म्हणजे मुख्यतः हें दप्तर फाडून कोरें दप्तर मांडणें. हें एकदां समजलें कीं पुष्कळ गूढ उकलतें. दप्तर फाडल्यानें पीक नाहींसें होत नाहीं. तें वाफ्यांत तसेंच उभें असतें. फक्त कोणतें पीक कोणाचें हें सांगणारा कागद उरत नाहीं. विंडोज ९८ मध्यें फॉरमॅट हा हुकूम दिला कीं शेंकड्याचे आंकडे सरकत सरकत शंभरापर्यंत जात, आणि सर्व कांहीं घांसून पुसलें जात आहे असें वाटे. प्रत्यक्षांत तो हुकूम वाफे शाबूत आहेत कीं नाहींत एवढेंच तपासत असे. एक्स्पीमध्येंहि तसेंच आहे. तिचें जलद फॉरमॅट केवळ दप्तर बदलतें. पूर्ण फॉरमॅट त्याखेरीज नादुरुस्त वाफे शोधतें. पण जुना मजकूर दोन्हींत तसाच राहतो. २००७ सालीं सर्वांसाठीं आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही रीत बदलली. तेव्हांपासून पूर्ण फॉरमॅट सर्व तुकड्यावर शून्यें लिहितें आणि जुनें खरोखर नष्ट करतें. एकाच नांवाच्या क्रियेचा अर्थ दोन पिढ्यांच्या प्रणालींत निराळा आहे, हें ध्यानांत न ठेवल्यामुळें दोन्ही बाजूंनीं घात होतो. जुन्या यंत्रावर सर्व पुसलें असें समजून मनुष्य निर्धास्त होतो, आणि नव्या यंत्रावर परत मिळेल अशा आशेवर सर्वस्व घालवून बसतो.

दप्तर लिहिण्याच्याहि निरनिराळ्या पद्धती आहेत. फॅट नांवाची पद्धत १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनींत जन्मली. तिचा ३२ हा विस्तार १९९६ मध्यें आला. एनटीएफएस ही दुसरी पद्धत १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आली आणि एक्स्पीच्या योगें घरोघर पोहोंचली. यांतील फरक रोहण्याच्या जुन्या रहिवाशांस चटकन् कळेल. आर्वीची गाडी अडीच फुटी रुळांवरून चालत असे आणि पुलगांवचा मुंबई-नागपूर रस्ता साडेपांच फुटी. आर्वीचा डबा मोठ्या रुळांवर चढत नसे. पुलगांवीं उतरून गाडी बदलावीच लागे. त्याचप्रमाणें विंडोज ९८ ला एनटीएफएसच्या रुळांवर पाऊल ठेवतां येत नाहीं. तिला त्या तबकडीवर कांहींच दिसत नाहीं. आणि न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, हें न कळून पुष्कळांनीं भरलेली तबकडी रिकामी समजून पुन्हां आंखली आहे. उलट फॅट ३२ वर ४ जीबींहून मोठी एकहि फाइल मावत नाहीं, म्हणून लग्नाचें लांबलचक चलच्चित्र पेन ड्राइव्हवर घेतांना जागा असूनहि जागा नाहीं असा संदेश येतो.

आतां पुन्हां रोहण्याच्या घरीं जावें. भाच्याचें म्हणणें शास्त्राला धरूनच होतें. सी या तुकड्यांत प्रणाली आणि डी मध्यें घरचा माल, अशी वांटणी करून देण्याची चाल आपल्याकडील संगणक जोडणाऱ्यांनीं पाडलेली आहे, आणि ती चांगली आहे. परंतु एक गोष्ट तो विसरला होता. डेस्कटॉप म्हणून जो पडदा समोर दिसतो, त्यावर ठेवलेली प्रत्येक फाइल वास्तविक सी मध्येंच असते. माय डॉक्युमेंट्स हें कपाटहि, मुद्दाम हलविलें नसेल तर, सी मध्येंच असतें. आउटलुक एक्सप्रेसचीं जुनीं पत्रें सी मधील एका झांकलेल्या कोनाड्यांत असतात. आणि नवशिका मनुष्य महत्त्वाची वस्तु कोठें ठेवतो? डोळ्यांसमोर, डेस्कटॉपवर.

मामांनीं विचारलें, "आजीच्या ओव्या कुठं आहेत रे?"

भाच्यानें डी उघडला. हिशेब होते, छायाचित्रें होतीं. ओव्या नव्हत्या. त्या डेस्कटॉपवर, 'आजी' या नांवाच्या एका लहानशा पिंवळ्या पाकिटांत होत्या. मामांनीं तो एक प्रश्न विचारला नसता, तर घटकाभरांत तें पाकीट दप्तरांतून उडालें असतें.

भाच्यानें तें पाकीट पेन ड्राइव्हवर घेतलें, आणि खात्रीसाठीं आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडून पाहिलें. ही खात्री करण्याची बुद्धि त्याला झाली, हें त्या घराचें भाग्य. कारण पडद्यावर ओव्या नव्हत्याच. होतीं इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम आणि कंस यांचीं अर्थहीन रांगोळी. मामांचा चेहरा उतरला.

ही अडचण आपल्या भाषांपुरती विशेष आहे, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. देवनागरी अक्षरांना जगन्मान्य क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ पासून अस्तित्वांत आहे. परंतु विंडोजच्या घरगुती प्रणालींत तिचा शिरकाव पुष्कळ उशिरां झाला. एक्स्पीमध्येंसुद्धां देवनागरी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्यें जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठीं मूळ तबकडी हाताशीं असावी लागे. त्यामुळें मराठी छपाई आणि लेखन वर्षानुवर्षें दुसऱ्याच युक्तीनें चाललें. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संस्थेची आयएसएम, यांसारख्या साधनांनीं मराठी लेखनाची मोठीच सोय केली. परंतु त्या काळच्या अशा फॉण्टांत लिहिलेल्या फाइलींतून संगणक सांठवीत असे ते क्रमांक बहुधा इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे. त्या क्रमांकांना क, ख, ग यांचें रूप देण्याचें काम तो फॉण्ट करीत असे. फॉण्ट आहे तोंवर ओवी आहे. फॉण्ट गेला कीं ओवीचा सांगाडा उरतो. आणि फॉण्ट राहतात कोठें? सी मध्यें, विंडोजच्या पोटांतील फॉण्ट्स या कपाटांत. म्हणजे फाइल जिवापाड जपून सी पुसला, तर फाइल वांचते आणि भाषा जाते.

भाच्यानें जुन्या संगणकावर ती फाइल उघडून फॉण्टाचें नांव पाहिलें, तो फॉण्ट कपाटांतून काढून लॅपटॉपवर बसविला, आणि ओव्या पुन्हां ओव्यांसारख्या दिसूं लागल्या. जुन्या फॉण्टांतील मजकूर युनिकोडमध्यें आणणारीं साधनेंहि आतां मिळतात. त्यांनीं जोडाक्षरांत आणि रफारांत चुका होऊं शकतात, म्हणून रूपांतर केल्यावर मूळ लेखाशीं ताडून वाचणें अवश्य आहे. सर्वांत साधा उपाय मात्र मामांना सुचला. ते म्हणाले, "आधीं कागदावर छाप." बावीस पानें छापून निघालीं. कागदाला फॉण्ट लागत नाहीं.

या एका घराच्या अनुभवावरून सर्वांस उपयोगी पडेल असा क्रम सांगतां येतो. प्रथम, फॉरमॅटची गरज आहे काय, हें पाहावें. सी तुकडा कांठोकांठ भरला असेल, किंवा २५६ एमबींच्या स्मरणशक्तीवर चारपट भार पडला असेल, तरी संगणक मंदावतो. तेथें अनावश्यक कार्यक्रम काढून टाकले तरी भागतें. डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येत असेल, तर फॉरमॅट हें त्याचें औषध नव्हेच. ती झिजलेली वस्तु आहे. तिच्यांतील माल तांतडीनें बाहेर काढून तिला निवृत्त करावें.

दुसरें, प्रत एक नव्हे, दोन घ्याव्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. संगणक मुळींच सुरू होत नसेल, तर लिनक्सची अशी तबकडी मिळते कीं, तिच्यावरून यंत्र चालू करून, डिस्कवर कांहींहि न लिहितां, आंतील फाइली बाहेर घेतां येतात. तिसरें, प्रणालीची मूळ तबकडी, तिचा २५ अक्षरांचा परवाना-क्रमांक, आणि ध्वनि, चित्र व जाळें यांचे ड्रायव्हर आधीं गोळा करावे. जाळ्याचा ड्रायव्हर नसेल तर जाळ्यावरून ड्रायव्हर आणतां येत नाहीं. विहिरींत उतरायचा दोर विहिरींतच राहिल्यासारखें होतें.

चौथें, आरंभ करण्यापूर्वीं पेन ड्राइव्ह आणि इतर डिस्का काढून ठेवाव्या. एक्स्पीच्या तबकडीवरून यंत्र सुरू केलें म्हणजे निळ्या पडद्यावर तुकड्यांची यादी येते. पण तेथील सी आणि रोजचा सी हे नेहमींच एक असतील असें नाहीं. अक्षरावर विसंबूं नये, आकारावरून तुकडा ओळखावा. डी दाबलें असतां तेथें डी ड्राइव्ह उघडत नाहीं. निवडलेला तुकडा मोडण्याचा तो हुकूम आहे, आणि एल दाबून तो पक्का होतो. या दोन कळांच्या मध्यें जो क्षण मिळतो तो शेवटचा. पांचवें, विजेचा भरंवसा नसेल तेथें यूपीएसवांचून हें काम हातीं धरूं नये.

आणि इतकें करूनहि घाईंत चुकीचा तुकडा आंखला गेलाच तर? तर ताबडतोब थांबावें. दप्तर फाटलें आहे, पीक उभें आहे. त्यावर नवी प्रणाली बसविली कीं नांगर फिरतो आणि मग आशा संपते. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि शोधक साधनानें वाफे धुंडाळावे. फोटोरेक हें असें एक फुकट मिळणारें साधन आहे. फाइली मिळाल्या तरी त्यांचीं मूळ नांवें त्यांत बहुधा मिळत नाहींत; हरवलेलीं मुलें सांपडावीं पण नांवगांव विसरलेलीं असावीं, तसेंच तें आहे. सांपडलेला माल त्याच डिस्कवर मात्र कधींहि लिहूं नये.

या ज्ञानाची दुसरी बाजूहि आहे. फॉरमॅट मारलेला जुना संगणक भंगारवाल्यास किंवा परक्यास दिला जातो तेव्हां बँकेचीं पासबुकें, आधारपत्राच्या प्रती आणि घरचीं छायाचित्रें त्याच्या वाफ्यांत उभींच असतात. जें आपल्याला शोधक साधनानें परत मिळूं शकतें, तें त्यालाहि मिळूं शकतें. म्हणून यंत्र देण्यापूर्वीं सर्व तबकडीवर एकदां तरी नवें कांहीं लिहून घ्यावें. व्हिस्टानंतरच्या कोणत्याहि संगणकास जोडून पूर्ण फॉरमॅट केलें तरी घरगुती कामास पुरतें.

एक्स्पीविषयीं एक शब्द अधिक हवा. मायक्रोसॉफ्टनें तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. फॉरमॅटनें ती नवी दिसते, तरुण होत नाहीं. एखादा जुना हिशेबाचा कार्यक्रम किंवा जुना छपाईयंत्र चालविण्यास ती आजहि उपयोगी पडेल. पण तिला इंटरनेटशीं जोडून पैशांचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या दारामागें तिजोरी ठेवण्यासारखें आहे.

रोहण्याच्या त्या घरीं दुसऱ्या दिवशीं फॉरमॅट झालें. संगणक खरोखरच चलाख झाला. भाच्यानें तो अभिमानानें मामांना दाखविला. पण मामांचें लक्ष पडद्याकडे नव्हतें. ते ओसरीवर बसून छापलेलीं पानें वाचीत होते. मग त्यांनीं सासरीं असलेल्या मुलीला दूरध्वनि लावला आणि विचारलें, "बाई, आजीनं तुला सांगितलेल्या ओव्या एवढ्याच, कीं आणखीहि आहेत?" पलीकडून थोडा वेळ कांहींच आवाज आला नाहीं. मग मुलगी म्हणाली, "आणखी एक वही आहे बाबा. ती अजून लिहायची राहिली."